गणपुले सरांकडचा आमरस

“बाठा नीट निपटून घे ग, निर्मल. एवढा रस बाठ्याला ठेवतात का कुणी? पाहुणे परदेशातून आलेत.”

काकूंनी मी बाजूला टाकलेला बाठा उचलून पुन्हा पातेल्यात टाकला. मी तो परत पिळायला घेतला. हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. केसांची एक बट सारखी डोळ्यांवर येत होती आणि ती मागे सारायला एकही बोट कोरडं नव्हतं. स्वयंपाकघराच्या लोटलेल्या दारापलीकडे दिवाणखान्यात माणसं बोलत होती. शब्द कळत नव्हते, मधूनच हसणं तेवढं ऐकू यायचं.

“काकू, आम्हाला आत कधी बोलावणार?”

“बोलावतील की. त्यांचं बोलणं तर होऊ दे.”

“पण बोलणं आमच्याशीच करायचं होतं ना?”

“मला बाई त्यातलं काही कळत नाही,” काकू कणीक मळता मळता म्हणाल्या. “हे म्हणाले, मुली लवकर येतील, तुझ्या हाताशी होतील. आलात, बरं झालं. दरवर्षी येतात ना मुली, माझं काम निम्म्यावर येतं.”

हे पुण्यातलं, एरंडवण्यातलं घर. आमच्या गणपुले सरांचं. मी तेव्हा एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र हा विषय आमच्या विभागात नवा होता. लोक विचारायचे, हे नक्की काय असतं ग? घरी आई सांगायची, काहीतरी देशादेशांचं भांडण शिकते. आईचं फारसं चुकत नव्हतं. जगाच्या बाजाराचे नियम कोण करतं आणि ते कुणाला सोसावे लागतात, हाच तो विषय.

आणि तो सर शिकवायचे. आज सत्तरी उलटली तरी ते वर्ग मला लख्ख आठवतात. दगडी इमारतीतली ती उंच खोली. भिंतीवरचा जगाचा नकाशा इतका जुना, की केव्हाच स्वतंत्र झालेले देश त्यावर अजून गुलाबीच होते. सर त्या गुलाबी रंगावर छडी आपटून म्हणायचे, “रंग बदलला असं समजू नका. फक्त छापायचं राहिलंय की बदलायचं राहिलंय, ते बघा.” आम्ही वेडे व्हायचो. तास संपल्यावर कँटीनमध्ये बशीत चहा ओतून तासभर वाद घालायचो. तो चहा, ते वाद, ती खोली, सगळं मला आजही हवंसं वाटतं. म्हणूनच तर पुढचं सांगताना तोंड कडू होतं.

सरांचा एक तास फार गाजलेला होता. दुसऱ्या विभागांतली मुलंसुद्धा येऊन मागे उभी राहायची. व्यापाराच्या मोठ्या परिषदा कशा चालतात, ते सर करून दाखवायचे. मोठमोठे देश आधी एका लहान खोलीत बसतात, दार लावतात, सगळं ठरवतात. बाकीचे देश बाहेर कॉफी पीत उभे. मग सगळ्यांना सभागृहात बोलावतात आणि अध्यक्ष भराभर विचारतो, कुणाची हरकत? सर डस्टर उचलायचे, चष्म्यावरून वर्गाकडे बघायचे आणि कुणी तोंड उघडायच्या आत टेबलावर खाडकन आपटायचे. “झालं. सर्वानुमते मंजूर. गप्प राहणं म्हणजे होकार आणि गैरहजर राहणं म्हणजे डबल होकार!” खडूची भुकटी उडायची, वर्ग हसायचा. मग सर हळू आवाजात म्हणायचे, “हसू नका. या डस्टरखाली देशच्या देश चिरडलेत.”

त्या वर्षी हॉलंडमधल्या एका संस्थेनं आमच्या विभागातल्या एका विद्यार्थ्याला दोन वर्षं शिकायला न्यायचं कबूल केलं होतं. नाव विभागानं सुचवायचं. तिथले डॉ. बोस्मान स्वतः येणार होते. उमेदवार तीन होते. मी, श्रीरंग पटवर्धन आणि तारा खरात.

मी माझ्याबद्दल खरं तेच सांगते. मी बरी होते. श्रीरंग माझ्याहून थोडा कमी किंवा थोडा जास्त, त्या दिवशीच्या मूडवर. तारा वेगळीच होती. परभणीजवळच्या मानवतची. तिचा भाऊ तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तिनं निबंध लिहिला होता तो कापसावर. मानवतहून निघालेली रुई जगात कुठं कुठं जाते, रुई असेपर्यंत तिला सगळी दारं उघडी कशी आणि तिचं कापड झालं की श्रीमंत देश त्यालाच दारात का अडवतात, असा तो विषय. सरांनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला होता आणि वाचून झाल्यावर चष्मा पुसला होता. हॉलंडला तारा जाणार, हे आम्ही सगळे धरून चाललो होतो. मीसुद्धा. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. ताराचं मात्र त्यावर सगळंच अवलंबून होतं. ती गेली नाही तर तिला मानवतला परतून मिळेल त्या शाळेत चिकटावं लागणार होतं. वसतिगृहाची मुदत परीक्षेबरोबर संपत होती.

“रविवारी माझ्याकडे आमरसाचं जेवण,” सरांनी वर्गात सांगितलं होतं. “बोस्मान येतील, देवस्थळी आणि करंबेळकर असतील. आधी तुम्हा तिघांशी गप्पा, मग जेवण. श्रीरंग, तू पाहुण्यांना हॉटेलवरून घेऊन ये. मुलींनो, तुम्ही जरा लवकर या. काकूंना तेवढीच मदत.”

तर श्रीरंग पाहुण्यांबरोबर पुढच्या दारानं आत गेला आणि आम्ही दोघी मागच्या दारानं स्वयंपाकघरात. मला काकूंनी पातेल्यासमोर पाट दिला. ताराला म्हणाल्या, “तू मागच्या नळावर आंबे धुऊन दे. तिथं वारा पण आहे.”

रस पिळून झाला. काकू म्हणाल्या, “हात धू आणि वेलदोडे काढ. त्या कोपऱ्यातल्या फडताळात डबी आहे बघ.”

मी फडताळ उघडलं. वेलदोड्यांची डबी मागे होती आणि तिच्यापुढं एक चांदीचं तबक, वर ओला रुमाल झाकलेला. डबी काढताना रुमाल सरकला. खाली मोगऱ्याचा हार, नारळ, पेढ्यांचा पुडा आणि घडी घातलेलं जरीकाठी उपरणं.

“काकू, हे कुणासाठी?”

“तुमच्यातलं जे जाणार, त्याच्यासाठी. ह्यांनी कालच आणून ठेवायला सांगितलं.”

“कोण जाणार?”

“मला कुठं सांगतात?” काकूंनी पहिली पुरी तेलात सोडली. मग माझी नजर कुठं आहे ते त्यांनी पाहिलं आणि पटकन येऊन रुमाल नीट केला. “तू वेलदोडे कूट.”

मी वेलदोडे कुटले नाहीत. मागच्या दारी गेले. तारा पायरीवर बसून शेवटचे आंबे पुशीत होती. बाजूला पेटीतलं गवत पसरलं होतं.

“काय चालायलंय आत?” तिनं विचारलं.

“हसतायत.”

“हसू दे. पोटं भरली की बोलावतील. काकूंना माझी लई काळजी बग, वाऱ्यात बसवलं मला. आत धूर होतो ना, तू सोस तो.” ती हसली. मी हसले नाही, तेव्हा तिनं वर पाहिलं.

“तारा, फडताळात तबक आहे. जाणाऱ्याच्या सत्काराचं. त्यात उपरणं आहे.”

“मग?”

“उपरणं आहे ग. खण नाही.”

तिच्या हातातला आंबा तसाच राहिला. बाईचा सत्कार उपरणं घालून कुणी करत नाही. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

“कधी आणलंय?”

“काल.”

“म्हणजे आपण यायच्या आधीच झालंय.” तिनं तो आंबा टोपलीत अगदी हळू ठेवला, फुटेल म्हणून जपतात तसा. “मग त्या दाराआड काय ठरवायलेत हे लोक?”

आतून काकूंनी हाक मारली. पानं घ्यायची वेळ झाली होती.

दिवाणखान्यात टेबलाला टेबल जोडून पांढरी चादर घातली होती. रांगोळीसुद्धा होती, पाहुण्यांना दाखवायला. डॉ. बोस्मान मधे, एका बाजूला गणपुले सर, दुसऱ्या बाजूला देवस्थळी आणि करंबेळकर हे आमचे दुसरे दोन प्राध्यापक. टोकाला श्रीरंग. मी रसाचं पातेलं घेऊन वाढायला गेले तेव्हा श्रीरंगनं वाटी पुढं केली आणि मान खाली घातली. त्या मान खाली घालण्यावरून मला कळलं, की त्यालाही कालपासून माहीत आहे.

“निर्मल, पाहुण्यांना आणखी,” सर म्हणाले. मग इंग्रजीत बोस्मानना म्हणाले, “ही आमची विद्यार्थिनी. फार गुणी.” बोस्माननी माझ्याकडे पाहून, नोकराकडे बघून हसतात तसं सौम्य हसून घेतलं. त्यांच्या दाढीला रस लागला होता. देवस्थळी पुरीचा तुकडा रसात बुडवून बोटांसकट तोंडात घालत होते. मिटक्यांचा आवाज येत होता.

सरांनी चमचा उचलला आणि पाण्याच्या पेल्यावर वाजवला. तोच हात, तेच चष्म्यावरून बघणं. ते इंग्रजीत म्हणाले, “आपल्या माननीय पाहुण्यांच्या उपस्थितीत सांगायला आनंद होतो, की आमच्या विभागानं सर्वानुमते श्रीरंग पटवर्धन यांचं नाव सुचवलं आहे.”

टाळ्या झाल्या. काकू तबक घेऊन दारात येऊन उभ्याच होत्या.

आणि पुढच्या दारातून तारा आत आली. ती घराला वळसा घालून, चपला बाहेर काढून, पाहुणे जिथून आले तिथूनच आली होती. पदराला हात पुसलेले दिसत होते.

“सर, सर्वानुमते म्हणजे कुणाकुणाच्या मते?” तिनं मराठीत विचारलं.

सरांनी चमचा खाली ठेवला. “अगं, ये ना तारा. विभागाच्या.”

“आम्ही विभागात नाही?”

“आहात की. म्हणून तर घरी बोलावलं.”

“मी नळावर होते. निर्मल चुलीपाशी होती.”

“मग यायचं आत,” सर हसून म्हणाले. “दाराला कडी नव्हती. हरकत घ्यायला कुणी अडवलं होतं?”

देवस्थळींना ठसका लागला. ते हसत होते. “गैरहजर म्हणजे डबल होकार! नाही का हो, गणपुले?”

करंबेळकरही हसले. सरसुद्धा. मी ते पातेलं धरून उभी होते आणि मला वाटत होतं, आता सरांना लाज वाटेल, आता वाटेल. देशच्या देश चिरडले गेले, असं हळू आवाजात म्हणणारा तो माणूस आपल्याच वाक्यावर मिशीतला रस चाटत हसत होता. त्या खोलीला आंब्याचा वास येत होता, उतू गेल्यासारखा, आंबल्यासारखा.

तारा म्हणाली, “ठीक आहे. आता मी हजर आहे. माझी हरकत आहे.”

बोस्माननी सरांकडे वळून विचारलं, “काय म्हणते ती?”

सर म्हणाले, “विचारते आहे, आपल्याला आणखी रस वाढू का.”

मला वाटतं, तिथं मी जी काही होते ती संपले आणि दुसरी कुणी झाले. मी इंग्रजीत म्हणाले, “ती असं म्हणाली नाही. ती या जागेची उमेदवार आहे. आम्ही दोघीही आहोत. आम्हाला कुणी काही विचारलं नाही. ती म्हणते, या निर्णयाला तिची हरकत आहे. माझीही आहे.”

“निर्मल,” सर मराठीत म्हणाले. आवाज अगदी मायेचा. “जूनपासूनच्या लेक्चररच्या जागेसाठी मी तुझं नाव दिलंय. घरात पाहुणे आहेत. विचार करून बोल, बाळ.”

“सर सांगतात,” मी बोस्मानना इंग्रजीत म्हणाले, “की लेक्चररच्या जागेसाठी त्यांनी माझं नाव दिलंय, म्हणून मी विचार करून बोलावं.”

करंबेळकरांनी पान पुढं सरकवलं. श्रीरंग ताटाकडे बघत पुरीचे तुकडे करत होता, तुकड्यांचेही तुकडे.

बोस्माननी रुमालानं दाढी पुसली. ते लालबुंद झाले होते. वाटलं, आता हा माणूस उठेल. तो काही आमचा कुणी नव्हता, त्याला भ्यायचं कारण नव्हतं. त्यांच्या निबंधांची आम्ही पारायणं केली होती. दुबळ्या देशांचा आवाज ऐकला पाहिजे, असं प्रत्येक पानावर लिहिलेलं असायचं.

“मला वाटतं,” ते फार जपून म्हणाले, “इथला विभाग आपले निर्णय कसे घेतो, यात बाहेरच्या माणसानं पडणं योग्य नाही. स्थानिक पद्धतीचा आदर करायला हवा.” मग त्यांना ती शांतता सोसेना म्हणून असेल, ते म्हणाले, “आणि हा आंबा खरोखर अप्रतिम आहे.” आणि त्यांनी चमचा उचलला.

ताराला तेवढं इंग्रजी समजत होतं. तिनं सरांना नमस्कार केला, वर्गातून जाताना करायची तसाच.

“तास चांगला झाला, सर,” ती म्हणाली आणि गेली.

मी ते जड पातेलं बोस्मानच्या ताटासमोर ठेवलं, पळी त्यांच्या हाताशी केली आणि तिच्या मागे निघाले. पाठीमागे पुन्हा टाळ्या ऐकू आल्या. उपरणं घातलं जात असावं.

तारा मागच्या नळावर तोंड धूत होती. रडलेली नव्हती. मी हात धुवायला घेतले. साबणानं, मग मातीनं घासले. नखांतला पिवळेपणा जाईना.

“कशाला बोललीस? तुझी नोकरी होती,” ती म्हणाली.

“ओकारी आली असती नाहीतर.”

“मग ओकायचं होतंस पाहुण्याच्या ताटात. तेवढीच स्थानिक पद्धत.” ती हसली आणि मग मीही हसले. नळ सोडून दोघी वेड्यासारख्या हसलो.

आम्ही फाटकापाशी पोचलो तर मागून काकू धावत आल्या. घामानं कुंकू ओघळलं होतं. हातात कुंकवाची कुयरी आणि दोन खणांच्या घड्या. फडताळातल्या नव्हेत, स्वतःच्या कपाटातल्या असाव्यात, डांबरगोळ्यांचा वास येत होता.

“उपाशी चाललात ग पोरींनो,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “माझ्या घरून लेकी अशा रिकाम्या जात नाहीत. मी काही बोलू शकत नाही, तुम्हाला दिसतंय ना. पण एवढं घ्या.”

त्यांचे डोळे भरले होते. खरंच भरले होते, त्यात नाटक नव्हतं. त्यांनी मला कुंकू लावलं आणि माझा हात धरून खण माझ्या ओंजळीत दाबला. मला त्या क्षणी त्या बाईची कणव आली.

मग त्या ताराकडे वळल्या. कुयरी तिच्यापुढं धरली, तिचं तिनं लावून घ्यावं म्हणून. आणि दुसरा खण तिच्या हातांच्या वीतभर वर धरला, सोडायच्या बेतात. ताराचे हात खालीच होते.

“घे ग,” काकू म्हणाल्या.

“हातात द्या, काकू.”

काकू थबकल्या. त्यांनी मागे वळून घराकडे पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं. कुणी म्हणजे कुणी बघत नव्हतं. मी नुसती त्यांच्या हाताकडे बघत राहिले. तो हात थोडा खाली आला आणि तिथंच थांबला. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, पण हात खाली येईना.

मला सकाळचं सगळं लागोपाठ दिसलं. मागचा नळ, पायरी, वारा. काकूंनी ताराकडून आंबे घेताना आधी टोपली खाली ठेवायला लावली होती. घरात घेतल्यावर त्यांनी ते सगळे पुन्हा धुतले होते, आणि मी समजले होते, की पाहुण्यांसाठी. “आमच्या घरात जातपात नाही,” असं सर नेहमी वर्गात सांगायचे. आमच्या दोघींना मागचं दार मिळालं होतं, पण ताराला त्याच्याही बाहेरची पायरी. आणि हे मला कळायच्या कितीतरी आधीपासून, आंबा पुसता पुसता तिला माहीत होतं.

काकूंनी शेवटी तो खण फाटकाच्या खांबावर ठेवला आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी माझाही खण त्याच्यावर ठेवला. दोघी चालत कर्वे रस्त्यापर्यंत आलो. तारा म्हणाली, “भूक लागली बग,” आणि आम्ही एका अमृततुल्यमध्ये जाऊन चहा आणि क्रीमरोल खाल्ले. इतका चांगला क्रीमरोल मी पुन्हा खाल्ला नाही.

लेक्चररची ती जागा मला मिळाली नाही. मी विमा कंपनीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. श्रीरंग परत आला, मोठा झाला, गरीब देशांच्या बाजूनं फार चांगलं बोलतो असं ऐकते. तारा मानवतला गेली, शाळेत लागली. शाळा सांभाळून तिनं त्याच कापसावर डॉक्टरेट केली आणि परभणीच्या कॉलेजात बाई झाली. अजून फोन करते. गणपुले सर गेले. त्यांच्या नावानं दरवर्षी व्याख्यान असतं. निमंत्रण येतं, मी जात नाही.

दर उन्हाळ्यात सून हापूसची पेटी आणते. रस काढते, मला आधी वाटी भरून देते, चांगली मुलगी आहे. मी वाटी नातवाकडे सरकवते.

“आई, एक चमचा तरी.”

“नको ग, साखर आहे मला,” मी म्हणते.

परवा तिनं माझी रक्ताची तपासणी करून आणली. साखर नाही म्हणे. अजिबात नाही.